राजांवरच्या चित्रपटांत इतिहास किती आणि नाट्य किती?

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीविषयी पुन्हा घरोघरी चर्चा सुरू झाली. चित्रपटगृहात येण्याआधीच त्याच्या झलकेतील लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य काढून टाकण्यात आले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर ठरवल्याबद्दल अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला, त्यावर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले, कारण मोगलांचे सोने तिथेच पुरलेले असणार असा समज चित्रपटामुळे पसरला होता.

या तिन्ही घटना एकाच चित्रपटातून निघाल्या असल्या तरी त्यांतले प्रश्न वेगवेगळे आहेत. लेझीमचा वाद मानमर्यादेचा होता: राजाला नाचताना दाखवावे की नाही, हा त्यातला मुद्दा. शिर्क्यांचा वाद सत्याचा होता: एका ऐतिहासिक व्यक्तीने अमुक कृत्य केले की नाही, याचा. असीरगडची खणाखणी तर प्रेक्षकाने पडद्यावरचे सगळेच खरे मानल्याची खूण आहे. आपल्याकडे हे प्रश्न एकमेकांत इतके मिसळतात की सत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधीच मानापमानाचा वाद मिटवून प्रकरण संपवले जाते. या लेखात मुख्यतः सत्याच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

पुरावा पुरावा म्हणतात तो कोणता?

समजा, एखाद्या घरात पणजोबांच्या काळी जमिनीचा वाद झाला होता. आज त्याविषयी घरात चार गोष्टी शिल्लक आहेत. पहिली म्हणजे त्या वर्षीचा सातबारा आणि फेरफाराची नोंद. दुसरी, पणजोबांनी भावाला त्याच महिन्यात लिहिलेले पत्र. तिसरी, आजी दर दिवाळीला सांगायची ती हकिगत, आणि चौथी, ज्यांच्याशी वाद झाला त्या घराची कैफियत. यांतले काहीच टाकाऊ नाही, पण सगळ्यांचे वजन सारखेही नाही. सातबारा कोरडा असतो. त्यात भांडणाचे कारण सापडत नाही. आजीच्या हकिगतीत कारण सापडते, माणसे बोलतात, पण ती हकिगत सांगण्यात आजीचा स्वतःचाही पक्ष असतो.

मराठ्यांच्या इतिहासाची साधनेही अशीच आहेत. राजांची आज्ञापत्रे, दानपत्रे, खासगी पत्रे ही अस्सल आणि समकालीन, म्हणजे घटनेच्या वेळचीच. शकावली म्हणजे तिथीवार केलेल्या त्रोटक नोंदी. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली जेधे शकावली हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. बखर म्हणजे नंतर लिहिलेला गद्य वृत्तांत, आणि यातला ‘नंतर’ किती नंतरचा, हे दर वेळी विचारावे लागते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सतराच वर्षांनी, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. मल्हार रामराव चिटणीसाची बखर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. त्यांशिवाय खाफीखान, साकी मुस्तैदखान, भीमसेन सक्सेना यांच्या फारसी तवारिखा, म्हणजे इतिहासग्रंथ, आहेत आणि सुरत, राजापूर, गोवा, पाँडिचेरी इथल्या युरोपीय वखारवाल्यांच्या नोंदी आहेत. शेजाऱ्याच्या कैफियतीसारखीच त्यांची गत आहे: त्यांना आपल्या राजाविषयी प्रेम नव्हते, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांनी केलेली स्तुती फार मोलाची ठरते.

संभाजी महाराजांवरचा कलंक कसा लागला आणि कसा पुसला गेला

आज संभाजी महाराज सर्वांना शूर आणि विद्वान राजे म्हणून माहीत आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र वेगळे होते. व्यसनी, रगेल, बापाच्या कीर्तीला न शोभणारा मुलगा अशी त्यांची प्रतिमा नाटकांतून आणि पुढे पडद्यावरून लोकांच्या मनात बसली होती. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’ नाटकातल्या चित्रणाविषयीचा राग इतका टिकून राहिला, की जानेवारी २०१७ मध्ये पुण्यातल्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. भालजी पेंढारकरांच्या १९४१ च्या ‘थोरातांची कमळा’ने संभाजीराजांच्या प्रेमाची अशी एक कहाणी घराघरांत पोहोचवली, जिला समकालीन कागदांचा आधार नाही.

या प्रतिमेचा मोठा भाग चिटणीस बखरीतून आला होता. ही बखर घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की मल्हार रामराव ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता. हकिगत सांगणाऱ्याचा पक्ष कोणता, हे एकदा कळले की हकिगत वाचण्याची दृष्टी बदलते. वा. सी. बेंद्रे यांनी हेच केले. त्यांनी अस्सल पत्रे, दानपत्रे, फारसी आणि युरोपीय नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी १९७१ मध्ये ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून हे काम आणखी पुढे नेले. संस्कृतात ‘बुधभूषणम्’ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा राजा या संशोधकांनी आपल्याला परत मिळवून दिला.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते इथे आहे. संभाजी महाराजांवरचा डाग भावनेने पुसला गेलेला नाही. तो कसोटी लावून पुसला गेला. मग तीच कसोटी, तेवढ्याच कठोरपणे, आजच्या चित्रपटातल्या खलनायकांनाही लावली पाहिजे. नायकाला एक माप आणि खलनायकाला दुसरे, असे केले तर बेंद्र्यांनी ज्या पद्धतीविरुद्ध आयुष्य वेचले तीच आपण पुन्हा वापरतो.

संगमेश्वरला नेमके काय घडले?

ही कसोटी एका प्रसंगाला लावून पाहू. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान याने संभाजी महाराजांना आणि त्यांचे विश्वासू सल्लागार कवी कलश यांना पकडले. पुढे बहादूरगडावर त्यांची विटंबना झाली आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. एवढे निर्विवाद आहे. महाराजांनी शेवटपर्यंत ताठ मानेने औरंगजेबाला तोंड दिले याची साक्ष शत्रूच्या लेखकांकडूनच मिळते.

खबर कोणी दिली, हा खरा वादाचा मुद्दा. जेधे शकावलीत असे दिसते की १६८८ च्या अखेरीस शिर्के कवी कलशांवर उठले, कलश पळून खेळण्याला, म्हणजे विशाळगडाला गेले, महाराज त्यांच्या मदतीला आले आणि शिर्क्यांचा मोड झाला. वैर होते आणि ते ताजे होते, एवढे या नोंदीवरून सिद्ध होते. शिर्क्यांनी मुकर्रबखानाला वाट दाखवली, असे मात्र ही नोंद म्हणत नाही. मोगल तवारिखांत खानाच्या हेरांनी आणलेल्या बातमीचा उल्लेख येतो. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ याच्या रोजनिशीच्या आधारे काही अभ्यासक दरबारातल्या कारभाऱ्यांकडे बोट दाखवतात. म्हणजे संशयित एकाहून अधिक आहेत आणि निकाल लागलेला नाही.

गणोजी शिर्के हे येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावईही होते. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले त्या वेळी मोगलांच्या बाजूला असलेल्या याच गणोजींनी त्यांना मदत केली, अशी परंपरा आहे. वतनासाठी, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या जमिनीच्या हक्कांसाठी, रुसणारा, बाजू बदलणारा आणि तरीही नात्याला जागणारा हा माणूस सतराव्या शतकातल्या मराठा सरदाराचे फार खरे रूप आहे. पडद्यावर तो नुसता फितूर होतो आणि त्याबरोबर त्या काळातला वतनाचा सगळा गुंता नाहीसा होतो, ज्याच्याशी शिवाजी महाराजांनाही झगडावे लागले होते.

सोयराबाईंची गोष्ट याहून बोलकी आहे. सावत्र मुलाविरुद्ध कारस्थान करणारी राणी ही व्यक्तिरेखा कथा-कादंबऱ्या आणि पडदा यांना फार सोयीची आहे. संभाजी महाराजांविरुद्ध कट झाले आणि १६८१ मध्ये मंत्री अण्णाजी दत्तोंसह काहींना देहदंड झाला, हे खरे. पण खुद्द संभाजी महाराजांनी १६८० मध्ये दिलेल्या संस्कृत दानपत्रात सोयराबाईंचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे आणि दोष मंत्र्यांना दिला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच, त्याच वर्षी, स्वतःच्या नावाने दिलेला हा निर्वाळा आहे. हे वाक्य एखाद्या चित्रपटात ऐकायला मिळावे, अशी माझी फार इच्छा आहे.

मग लेखकाने काही रचूच नये का?

रचावेच लागते. राजदरबारात कोण काय बोलले याचे टिपण सहसा कोणी ठेवलेले नसते, त्यामुळे ऐतिहासिक चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक संवाद लेखकाने रचलेला असतो. नऊ वर्षांची कारकीर्द तीन तासांच्या आत बसवायची तर मोहिमा गाळाव्या लागतात, दहा सरदारांचे काम दोघांना द्यावे लागते, महिने मिटवून टाकावे लागतात. या मुभेला नाट्यस्वातंत्र्य म्हणतात आणि ते नाकारले तर चित्रपटच होणार नाही.

पण या मुभेतही प्रकार आहेत. कागद जिथे काहीच सांगत नाही तिथे भर घालणे वेगळे आणि कागद स्पष्ट सांगतो तिथे उलटे दाखवणे वेगळे. मस्तानीविषयी समकालीन कागद फारच थोडे आहेत. तेव्हा तिच्या मनातले लेखकाने रचले तर तक्रार करण्याचे कारण नाही. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा नाचतात, तिथे मात्र कोऱ्या जागेत भर घातलेली नाही. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांच्या वावराविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्याच्या विरुद्ध ते दृश्य जाते. ते देखणे आहे, पण ज्या बंधनांमुळे मस्तानीला शनिवारवाड्यात आयुष्यभर परके राहावे लागले, ती बंधनेच त्या गाण्यात विरघळून जातात. इतिहास मोडल्यावर इथे नाट्यही दुबळे झाले, हे मला अधिक खटकते.

तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजींनी कोंढाणा घेतला आणि त्यात ते पडले, हे ऐतिहासिक सत्य आहे. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट पोवाड्यातून आली. सभासदाच्या बखरीत मावळे स्वतःच वानरासारखे कड्यावर चढतात. तानाजींच्या मृत्यूनंतर गडाला सिंहगड नाव मिळाले असे आपण शाळेत शिकतो, पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेले आहे. या दोन्ही गोष्टी चित्रपटाने दाखवल्या तरी कोणा माणसावर अन्याय होत नाही. म्हणून माझ्या मते चूक तपासताना पहिला प्रश्न हा असावा: या रचलेल्या गोष्टीमुळे खऱ्या नावाच्या एखाद्या व्यक्तीवर न केलेल्या अपराधाचा आरोप येतो का? येत असेल तर तिथे पुराव्याचा भार चित्रपटकर्त्यावर असला पाहिजे.

“आमचा चित्रपट कादंबरीवर आधारित आहे”

हे उत्तर नेहमी दिले जाते. ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आणि ‘बाजीराव मस्तानी’ ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने या उत्तराला काही अर्थ असेल. ज्ञानाच्या दृष्टीने नाही. बखरीत ‘ऐसे म्हणतात’ अशा स्वरूपात असलेली गोष्ट कादंबरीत आली की त्या ‘म्हणतात’ची जागा रंगवलेला प्रसंग घेतो, आणि चित्रपटात त्या प्रसंगाला चेहरा, आवाज, पार्श्वसंगीत मिळते. प्रत्येक पायरीवर शंका कमी होत जाते आणि पुरावा मात्र होता तेवढाच राहतो. कादंबरीचा वाचक निदान हाती कादंबरी आहे हे जाणून वाचतो. पडद्यावर सुरुवातीला झळकणारी सूचना प्रेक्षक खुर्चीत स्थिरावण्याआधीच निघून जाते.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचाही इथे उपयोग नाही. १९५२ च्या चित्रपट कायद्याखाली प्रमाणन मंडळ चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांना दाखवावा आणि त्यात कायद्याने मना असलेले काही आहे का, हे पाहते. त्यातला इतिहास बरोबर असल्याची हमी ते देत नाही.

“दंतकथा म्हणजे खोटेपणाच का?”

नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट घ्या. शिवाजी महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवले, हा प्रसंग अनेक पिढ्यांनी नाटक-चित्रपटांतून पाहिला आहे. या विशिष्ट प्रसंगाला भक्कम समकालीन आधार मिळत नाही. पण खाफीखान, जो महाराजांविषयी एरवी कडवट लिहितो, तो सांगतो की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना आपल्या लोकांनी उपद्रव देऊ नये असा शिवाजी महाराजांचा नियम होता. प्रसंग संशयास्पद असला तरी स्वभाव शत्रूच्या साक्षीने सिद्ध आहे. अशा दंतकथेला मी खोटी म्हणणार नाही. लोकांनी एका खऱ्या गुणाला दिलेले ते गोष्टीचे रूप आहे. ती गोष्ट म्हणून सांगावी, आणि इतिहासाच्या परीक्षेत खाफीखानाचे नाव लिहावे.

“खरा इतिहास दाखवला तर कोण पाहील?”

हा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्वोर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः चालून आले आणि व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. काही दिवसांतच मराठ्यांनी रात्री ओहोटी साधून गोवे शहरालगतचे जुवे बेट घेतले. ते परत घ्यायला गेलेल्या व्हाइसरॉयचा असा धुव्वा उडाला की तो जखमी होऊन कसाबसा निसटला. घाबरलेल्या व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली, आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला आणि राज्य वाचवण्याची प्रार्थना केली. शेवटी मोगल शाहजादा शहाआलमची फौज जवळ आल्यामुळे महाराजांना तिथून निघावे लागले. यातली एकही गोष्ट रचलेली नाही आणि बरीचशी हकिगत पोर्तुगीजांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पटकथाकाराला आणखी काय हवे?

नाशिकजवळचा रामशेज किल्ला मूठभर मराठ्यांनी मोगल सरदारांमागून सरदार आले तरी वर्षानुवर्षे झुंजवला. जंजिरा घेण्यासाठी खाडीत भर टाकून वाट बांधण्याचा प्रयत्न झाला. नाट्य कागदांत ओसंडून वाहते आहे. ते शोधायला वेळ आणि जाणकार माणूस लागतो, एवढेच.

मग चुकीच्या चित्रपटावर बंदी घालावी का?

‘पद्मावत’च्या वेळी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अल्लाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये चितोड घेतले, हे इतिहासात आहे. पद्मिनीची कथा मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० च्या काव्यात आहे. प्रमाणन मंडळाने जाणकारांची विशेष समिती बसवली, चित्रपटाचे नाव बदलले, तरी काही राज्यांनी बंदी जाहीर केली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. मंडळाने प्रमाणपत्र दिल्यावर राज्याने चित्रपट रोखणे योग्य नाही, ही त्यामागची भूमिका होती आणि ती मला पटते. २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’वर जेधे आणि बांदल घराण्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतले. ते विचारात घेण्यासारखे होते, पण ठाण्यात खेळ बंद पाडला गेल्यावर चर्चा मारहाणीची झाली आणि बांदलांच्या तुकडीने घोडखिंडीत, म्हणजे पावनखिंडीत, काय केले, हा विषय मागे पडला.

कात्री लावल्यानेही फारसे साधत नाही. २०१९ च्या ‘पानिपत’मध्ये भरतपूरच्या महाराजा सूरजमलांना स्वार्थी दाखवल्यावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि चित्रपटाचा काही भाग काढण्यात आला. एक चुकीचे दृश्य त्यामुळे गेले. पण १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर उपाशी, उघडेवाघडे परतणाऱ्या मराठ्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना सूरजमलांनी आसरा, अन्न आणि वस्त्रे दिली, हे नव्या प्रेक्षकाला कात्रीमुळे कळत नाही. ते सांगावे लागते.

सांगण्याची सोय करणे अवघड नाही. चित्रपट संपताना नावांची लांबलचक यादी सरकत असते. तिच्या आधी पडद्यावर अर्धा मिनिट एवढेच लिहावे, की कोणत्या व्यक्तिरेखा काल्पनिक आहेत, कोणत्या घटनांचा क्रम बदलला आहे, कोणता आरोप अभ्यासकांत अजून वादाचा आहे आणि कोणत्या इतिहासकारांनी पटकथा तपासली. अशी पाटी लावायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. निर्मात्याने पटकथेबरोबरच ती लिहून घ्यावी आणि जाणकाराची सही घेऊनच चित्रीकरणाला जावे.